प्रतीक्षा गटाचे फोन

४ सप्टेंबर

आज दादाने फोनवर विचारलं, "तू तिकडे नक्की शिकतेस काय? शेजारचे काका विचारतात. मी आपलं सांगतो, सरकारी काहीतरी."

मी म्हटलं, सार्वजनिक धोरण आणि कार्यक्रमांचं मूल्यमापन. तो म्हणाला, "म्हणजे?" म्हटलं, सरकारने एखादी योजना काढली की तिचा लोकांना खरंच उपयोग होतो का, ते मोजायचं. "त्यासाठी परदेशात कशाला जायला हवं? इथे कोपऱ्यावर उभी राहा, येणारा-जाणारा फुकट सांगेल." मागे वहिनी हसल्या. पहिल्या वर्षी मला राग आला असता. आता मीही हसते, कारण दुसरं वर्ष लागलंय आणि मला अजून स्वतःचा असा एकही उपयोग मोजता आलेला नाही.

पण आज मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, खरं काम दिलं. इथल्या नगरपालिकेने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी 'आठवड्याची भेट' नावाची योजना काढली आहे. आठवड्यातून एकदा एक भेटवाली किंवा भेटवाला घरी येतो, तासभर बसतो, बोलतो, बल्ब गेला असेल तर बदलून देतो आणि जातो. अर्ज आले भेटवाल्यांच्या दुप्पट. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांचा भेट गट, ज्यांची नाही निघाली त्यांचा प्रतीक्षा गट. मार्चमध्ये दोन्ही गटांची तुलना. भेट गट जास्त बरा निघाला तर योजना कायमची, आणि प्रतीक्षा गटालाही जूनपासून भेटवाले मिळणार. नाही निघाला तर योजना बंद.

दर पंधरा दिवसांनी सगळ्यांना फोन करून दहा प्रश्न विचारायचे, हे काम माझं आणि दशांशचं. दशांश माझ्या वर्गातला. हे नाव मी दिलंय, कारण चहा किती घेणार विचारलं तरी तो "पाऊण कप, किंवा थोडा कमी" म्हणतो आणि खरोखर कमी घेतो.

मॅडम म्हणाल्या, "आपण तराजू आहोत. तराजूने कोणाची बाजू घ्यायची नसते." मला हे इतकं पटलं की घरी येताना दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

१० सप्टेंबर

फोनची खोली विभागाच्या तळघरात आहे. दोन टेबलं, मध्ये पुठ्ठ्याची भिंत आणि एक हीटर, जो आवाज फार करतो आणि ऊब बेताची देतो. फोन मशीन लावतं, एकामागून एक, आपोआप. आम्हाला नाव, पत्ता, फोन नंबर काही दिसत नाही, नुसता यादीतला अनुक्रमांक आणि गट दिसतो. त्यांनाही आमचा नंबर दिसत नाही. खासगी माहितीचा प्रश्न असतो, म्हणून.

पहिलाच फोन प्रतीक्षा गटातल्या एका आजोबांना लागला. त्यांनी आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली, म्हणून माझ्यापुरते ते कुलूपआजोबा. मी छापील ओळी वाचत होते तर मध्येच म्हणाले, "तुम्ही इथल्या नाही वाटतं. एकेक शब्द इस्त्री करून बोलता."

"समजतंय ना पण?"

"समजतंय की. विचारा, काय विचारायचं ते."

आठवा प्रश्न असा आहे: गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही कोणाशी मनमोकळं बोललात का? ते म्हणाले, "आत्ता बोलतोय ते धरायचं का?"

मी गडबडले. सूचनांच्या पुस्तकात ह्याबद्दल चकार शब्द नाही. पुठ्ठ्यावरून डोकावून दशांशला विचारलं. तो विचार करून म्हणाला, "आजचं बोलणं गेल्या पंधरा दिवसांत येत नाही. पुढच्या खेपेला येईल." ह्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मी 'नाही' अशी खूण केली.

१८ सप्टेंबर

ठरलं होतं असं, की दोन्ही गटांतले निम्मे लोक त्याच्याकडे आणि निम्मे माझ्याकडे. पण दशांशची अवस्था बघवेना. भेट गटातले लोक सुटसुटीत असतात: बाई येऊन गेली, सगळं ठीक आहे, ठेवू का? प्रतीक्षा गटातले मात्र फोन सोडत नाहीत. आज एका आजींनी त्याला त्यांच्या गेलेल्या मांजरीचं अख्खं आयुष्य ऐकवलं. हेडफोन काढून तो म्हणाला, "हं कुठे म्हणायचं तेच मला कळत नव्हतं."

मी म्हटलं, दे मला तुझे प्रतीक्षावाले आणि माझे भेटवाले तू घे. मला गप्पांचं वावडं नाही. त्याला इतका आनंद झाला की त्याने चक्क पूर्ण कप चहा घेतला. मॅडमना मुद्दाम सांगावं असं काही वाटलं नाही. प्रश्न तेच, मशीन तेच, माणसंही तीच.

२९ सप्टेंबर

रविवार, म्हणून आईचा फोन. दादा आणि वहिनी बाहेर गेले होते, म्हणजे ती मोकळी. गुडघा, जिन्यातला गेलेला दिवा, वरच्या मजल्यावरच्यांचं भांडण. मला आठवड्याच्या नोंदी पाठवायच्या होत्या. म्हटलं, आई, पटकन सांग. ती म्हणाली, "पटकन सांगण्यासारखं काही नाही गं." मग म्हणाली, "तुझ्या त्या म्हाताऱ्यांच्या यादीत माझं नाव घाल ना. मलाही विचार ते दहा प्रश्न."

मला हसूच आलं. म्हटलं, तू एकटी कुठे राहतेस? नियमात बसत नाहीस. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. आईचा विनोद अजून शाबूत आहे, हे बरं आहे.

८ ऑक्टोबर

कुलूपआजोबा आठव्या प्रश्नाला आज 'हो' म्हणाले. कोणाशी बोललात, हे विचारायचं नसतं, पण त्यांनी आपणहून सांगितलं, "मागच्या खेपेला, तुमच्याशी." दशांशच्या हिशेबाने ते बरोबर होतं. मी 'हो' नोंदवलं.

सूचनांच्या पुस्तकात एक वाक्य आहे: सहभागी व्यक्ती बोलत असल्यास मध्येच तोडू नये. मी अक्षरशः पाळते. दशांशही पाळतो म्हणा, पण त्याच्याकडचे लोक स्वतःच तोडतात.

आज शिवणआजींची ओळख झाली. त्यांनी शाळेचे गणवेश शिवण्यात जन्म काढला. आता डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. शेजारणीने त्यांना असा फोन आणून दिलाय, की वाजला की कुठेही दाबा, सुरू होतो. आपणहून लावता मात्र येत नाही. त्या मला पहिल्या वाक्यापासून 'तू' म्हणतात. "तुझ्या आवाजावरून तुझं माप सांगू?" म्हणाल्या आणि सांगितलं. खांद्यात थोडं सैल सांगितलं, बाकी बिनचूक. मी खरंच टेप आणून पाहिलं.

६ नोव्हेंबर

मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. असल्या अभ्यासांत लोक कंटाळून गळतात, फोन घेईनासे होतात. दशांशच्या यादीतले काही गळले. माझ्या यादीतलं एकही नाही. मॅडम म्हणाल्या, "काय जादू करतेस?"

म्हटलं, "काही नाही मॅडम, नुसती ऐकते."

"छान. तेच करत राहा."

दिवसभर जमिनीला पाय लागले नाहीत. इथे आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की मला काहीतरी येतं.

१९ नोव्हेंबर

कुलूपआजोबा आता मंगळवारी, म्हणजे माझ्या फोनच्या दिवशी, दाढी करतात. म्हटलं, आजोबा, फोनवर दाढी दिसत नाही. म्हणाले, "मला दिसते ना." शिवाय रोज सकाळी पेपर आणायला नाक्यापर्यंत चालत जातात. आधी जात नव्हते. "तुम्ही विचारता, काय नवीन. नवीन काही असायला तर हवं." शिवणआजी शेजारणीकडून सुया ओवून घेतात आणि चाचपून बटणं लावतात. ह्या वेळी किती लावली ते सांगायला त्या इतक्या उतावीळ होत्या की पहिला प्रश्न विचारू देईनात.

त्यांचे आकडे वर चाललेत. झोप बरी, भूक बरी, एकटेपणा कमी. कोणी काही न देता माणसं आपली आपण कशी सावरतात, ह्याचं मला फार नवल वाटतं. माणूस मोठा चिवट असतो. प्रबंधात हे कुठेतरी घालीन.

५ डिसेंबर

परीक्षा. आईचे दोन फोन घ्यायचे राहिले. रविवारी करीन.

२८ जानेवारी

योजनेच्या समन्वयक बाई आज तळघरात आल्या. भेटवाले नेमणं, त्यांना घरं वाटून देणं, सगळं त्या एकट्या बघतात. अंगावर ओला कोट, तो तसाच ठेवून बसल्या. "काय दिसतंय ते सांगू नका, सांगता येत नाही हे मला माहीत आहे. नुसती मान हलवा."

मी मान अगदी सरळ धरून बसले. मानेला रग लागली.

त्या म्हणाल्या, जूनमध्ये प्रतीक्षा गटाकडे कोणाला पाठवायचं ते मी आत्ताच मनाशी ठरवलंय. त्यात एक कुलूपवाले आहेत म्हणे. त्यांच्याकडे बुद्धिबळ खेळणारा एक भेटवाला जाईल, कारण अर्जात त्यांनी आवड म्हणून तेवढंच लिहिलं होतं. एका डोळ्यांनी अधू बाईंकडे अशी मुलगी जाईल, जिला कापडातलं कळतं. हे सांगताना बाईंचा चेहरा असा झाला होता, की मलाच जून कधी येतो असं झालं.

दुपारी कुलूपआजोबांना सांगितलं, "निकाल चांगला लागला तर जूनपासून तुमच्याकडे कोणीतरी येईल." एवढं सांगायची परवानगी आहे. ते म्हणाले, "मग दुसरी खुर्ची दुरुस्त करून घेतो. तिच्यावर वर्षानुवर्षं नुसते पेपर बसलेत."

मी तराजू आहे, हे मला मान्य आहे. पण माझी मनापासून इच्छा आहे की ही योजना टिकावी, आणि माझ्या ह्या माणसांकडे जूनमध्ये कोणीतरी जावं. इतकं मनापासून मी इथे आल्यावर दुसरं काही मागितलेलं नाही.

१४ मार्च

आज निकाल काढला. दशांशने पडद्यावर भेट गटाची रेघ काढली. सप्टेंबरपासून वर चढत गेलेली, छान, ठसठशीत. माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने प्रतीक्षा गटाची रेघ काढली. ती पहिलीला चिकटून, तशीच वर गेलेली.

मी म्हटलं, "तीच रेघ परत काढलीस."

"नाही. ही दुसरी आहे."

फरक नाही. म्हणजे ज्यांच्याकडे आठवड्याला माणूस गेला ते जितके बरे झाले, तितकेच कोणीही न गेलेले बरे झाले. म्हणजे माणूस पाठवायची गरज नव्हती. आमच्या भाषेत ह्याला म्हणतात, योजनेचा परिणाम आढळला नाही. दिवसभर मी नोंदी तपासत बसले. एकही चूक सापडली नाही. इतक्या स्वच्छ नोंदी दशांशने आजवर बघितल्या नव्हत्या म्हणे.

१५ मार्च

जेवण गेलं नाही.

१९ मार्च

समन्वयक बाई मॅडमच्या खोलीत आल्या. मीही होते. अहवाल टेबलावर पडला होता, त्यांनी त्याला हात लावला नाही. म्हणाल्या, "मी त्या घरांत जाते हो. दार उघडायला ज्या बाईला पाच मिनिटं लागायची, ती आता बेल वाजायच्या आत दारात असते. ह्याला काय म्हणायचं?"

मॅडम सौम्यपणे म्हणाल्या, "ती सुधारली, हे खरंच आहे. पण ज्यांच्याकडे कोणी गेलं नाही, तेही तितकेच सुधारले."

"पण कशाने सुधारले?"

"ते आम्हाला सांगता येणार नाही."

मीही मान हलवली. मलाही सांगता येत नव्हतं. अहवाल नगरपालिकेकडे जाईल, फोन ठरल्याप्रमाणे मेपर्यंत चालू राहतील.

२ एप्रिल

लिहायला हात वळत नाही, पण लिहिते.

दशांश आज मशीनमधल्या जुन्या नोंदी साफ करत होता. त्यात फोन किती वेळ चालला तेही असतं. आम्ही कधी बघितलं नव्हतं, प्रश्नांच्या उत्तरांशी त्याचा संबंध नव्हता. तो म्हणाला, "माझे फोन साधारण सहा मिनिटांचे आहेत. तुझे अर्ध्या तासाच्या वर. काही तर तासाचे आहेत. दहा प्रश्नांना एक तास? काय करत होतीस?"

"बोलत होते."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनाही भेट मिळत होती."

मी विचारलं, "कोणाची?" खरंच विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं. त्याने माझ्या फोनांच्या मिनिटांवर बोट ठेवलं, आणि मग कळलं.

दाढी कोणासाठी होती. पेपर कशासाठी आणायचा. बटणं मोजून कोणाला सांगायची. सहा महिने ते सगळं माझ्या कानात येत होतं आणि मी त्यावर खुणा करत होते. यादी मिसळलेली ठेवली असती तर दोन्ही गटांना आम्ही दोघंही सारखेच मिळालो असतो आणि भेटीचा फरक वेगळा दिसला असता. आम्ही सोयीसाठी यादी वाटून घेतली. आणि मग मी मायेने बोलून बोलून माझ्याच माणसांचं दार बंद केलं. थोडी रूक्ष असते, दशांशसारखी 'हं' कुठे म्हणायचं न कळणारी असते, तर जूनमध्ये आजोबांच्या दुरुस्त केलेल्या खुर्चीवर कोणीतरी बसलं असतं. माझ्या हातून आजवर वाईट वागून इतकं वाईट कधी झालं नाही.

३ एप्रिल

दोघंही मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"यादी बदललीत आणि मला सांगितलं नाहीत," एवढंच म्हणाल्या. मग चष्मा काढून डोळे चोळत बसल्या. मी म्हटलं, अहवाल मागे घेऊ. त्या म्हणाल्या, "समजा घेतला. ते विचारतील, मग योजना चालते की नाही? काय सांगशील?"

"चालते, असं मला वाटतं."

"वाटतं. ते मोजून द्यायला त्यांनी आपल्याला नेमलं होतं. पुन्हा मोजायचं तर पुन्हा तेवढाच काळ लागेल, आणि तोवर योजना चालू ठेवायला ते तयार नाहीत. मी कालच विचारलंय, वेगळ्या कारणाने." त्यांनी अहवालात एक तळटीप घालायचं कबूल केलं. निघताना म्हणाल्या, "तुझा प्रबंध मात्र आता अधिक चांगला होईल. असं उदाहरण सहसा मिळत नाही."

त्या चांगल्या मनाने म्हणाल्या, हे मला माहीत आहे. तरी जिन्यात मला भडभडून आलं.

१७ एप्रिल

नगरपालिकेच्या समितीसमोर मला बोलू दिलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकासमोर अहवालाचं फक्त पहिलं पान. तळटीप आतल्या पानावर होती. मी जमेल तसं सांगितलं: प्रतीक्षा गट आपोआप सुधारला नाही, त्यांना मी लांबलांब फोन करत होते, म्हणून तुलना बिघडली, भेटींचा दोष नाही.

अध्यक्ष लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे नुसत्या फोनवरही भागतं?"

मी म्हटलं, "हो, म्हणजे, कोणीतरी करायला हवा."

"मग भेटी कशाला?"

"निदान मग फोन तरी चालू ठेवा," मी म्हटलं.

"तो वेगळा विषय झाला. त्यासाठी वेगळी योजना मांडावी लागेल. आणि तिचंही मूल्यमापन करावं लागेल." ते चेष्टा करत नव्हते. माझ्याच पुस्तकातलं वाक्य होतं ते. समन्वयक बाई भिंतीशी बसल्या होत्या. बाहेर पडताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी तसं करायला नको होतं.

२ मे

योजना बंद. भेटवाल्यांना सोडून दिलं. बाईंचं ऑफिसही आवरलं.

माझा प्रबंध स्वीकारला गेला. दादा म्हणाला, "मग? निघालं का काही तुमच्या मोजण्यातून?" मी म्हटलं, आईला दे. आई झोपली होती.

१८ मे

परवापासून शेवटची फेरी. शेवटच्या फोनला एक छापील मजकूर वाचायचा आणि खाली एक चौकोन आहे त्यात खूण करायची, की ती नोंद कायमची बंद होते. संध्याकाळी त्या दिवसाचे सगळे नंबर पुसले जातात. आपला नंबर सहभागींना द्यायचा नाही. मॅडमनी पुन्हा बजावलं: "आपण त्यांना लेखी शब्द दिलाय, त्यांची माहिती ठेवणार नाही म्हणून. हा नियम त्यांच्यासाठीच आहे."

खरं आहे. सगळे नियम त्यांच्यासाठीच आहेत.

२० मे

कुलूपआजोबांनी पहिल्याच रिंगला घेतला. मी वाचलं: ही पाहणी आज संपत आहे. 'आठवड्याची भेट' ही योजना पुढे चालू राहणार नाही. आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत.

त्यांनी मला शेवटपर्यंत वाचू दिलं. मग म्हणाले, "का हो?"

"उपयोग दिसला नाही, आजोबा. भेट न मिळालेले तुम्ही सगळे फार बरे निघालात." हे मजकुरात नव्हतं.

"बरा होतोच मी. तुम्ही विचारत होतात ना." मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. "म्हणजे मी बरा आहे म्हणालो, म्हणून कोणी येणार नाही?"

मी मजकुराची शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"मग बदला की. लिहा, वाईट आहे. झोप नाही, भूक नाही, बोलायला कोणी नाही. मी सांगतोय तसं लिहा. हवं तर दुसऱ्यांचंही मी सांगतो."

"आता बदलता येत नाही, आजोबा."

"बरं, बरं. रडू नका. तुम्ही काय कराल त्याला." ते माझी समजूत घालत होते. आणि अर्धा तास चौकोनांत खुणा करत ऐकायची मला इतकी सवय झाली आहे, की त्यांचं ऐकता ऐकता माझ्या हाताने शेवटच्या चौकोनातही खूण केली. ते म्हणाले, "मग आता पुढच्या खेपेला बोलू, नाही का?"

तेव्हा मी नियम सोडला. म्हटलं, "आजोबा, माझा नंबर लिहून घ्या. तुम्ही करा मला फोन. केव्हाही करा."

"थांबा थांबा," ते घाईघाईने म्हणाले, "पेन घेऊन येतो." आणि त्यांनी फोन ठेवला. उठायचं म्हणजे रिसीव्हर जागेवर ठेवायचा, इतकंच त्यांच्या हाताला ठाऊक असणार.

मी परत लावायला गेले. पडद्यावर आलं, ही नोंद बंद झाली आहे. दशांश धावत आला, त्याने त्याला येत होतं ते सगळं करून बघितलं. त्याचे कान लाल झाले. "माझ्या हातात नाही गं," म्हणाला. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, समितीकडे अर्ज करावा लागेल, आणि समिती बसेपर्यंत नंबर पुसलेले असतील. समन्वयक बाईंना विचारलं. "माझे सगळे कागद जमा करून घेतले. आणि मी त्यांच्या घरी कधी गेलेच नव्हते हो. ते प्रतीक्षेत होते ना."

ते पेन घेऊन आले असतील. फोनपाशी बसले असतील. मी ठेवला असं त्यांना वाटलं असेल, किंवा मी परत करीन असं वाटलं असेल. मला पहिलं वाटून घ्यावंसं वाटतं, पण त्यांना मी ओळखते. ते बसूनच राहतील.

हे सगळं होईपर्यंत मशीन थांबलं होतं. मी खुर्चीवर बसले, हेडफोन चढवले, तसा त्याने पुढचा फोन लावला.

"आज उशीर केलास गं," शिवणआजी म्हणाल्या. "मी कधीची फोन हातात घेऊन बसलेय. ह्या वेळची बटणं किती, ओळख बघू."

त्यांना दिसत नाही, फोन आपणहून लावता येत नाही; पेन घ्या म्हणायची सोय नव्हती. पडद्यावर मजकुराची पहिली ओळ आली होती. मी बटणांचा एक आकडा सांगितला. तो चुकला, त्या खूप हसल्या, आणि त्यांचं हसणं थांबल्यावर मी ती ओळ वाचली.